तबकडीवरचं नाव
(फलटण येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मंडळी, आधी ही तबकडी बघा. मागच्या रांगांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. दहा इंची, काळी, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी. कडेला एका जागी टवका उडालाय. हिच्यात प्लॅस्टिक नाही, ही लाखेची आहे. आपल्याकडं सुतार लाकडाला ज्या चपड्या लाखेचं पॉलिश करतात तीच लाख, तिच्यात दगडाची वस्त्रगाळ पूड आणि रंगाला काजळी. पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांद्यांवर एक बारीकसा किडा ही लाख करतो. छोटा नागपूरच्या जंगलातली माणसं ती खरवडून काढायची, ती कलकत्त्याला जायची आणि तिथून जहाजानं जगभर. १९४२ साली महायुद्धामुळं हा पुरवठा अडला, तेव्हा अमेरिकन सरकारनं लाखेच्या वापरावर निर्बंध घातले आणि तिथल्या रेकॉर्ड कंपन्या अडचणीत आल्या. आज मी ज्या गाण्यांबद्दल बोलणार आहे ती मेम्फिसची आहेत, शिकागोची, न्यू ऑर्लिन्सची आहेत. पण ती गाणी ज्या थाळीवर कोरली गेली, त्या थाळीत आपल्या देशातल्या झाडांचा अंश होता. म्हणून फलटणला हा विषय परका आहे असं मी मानत नाही.

तो परका नसण्याचं आणखी एक कारण इथून जवळच्या खटाव तालुक्यात आहे. कटगुण हे महात्मा फुले यांच्या घराण्याचं मूळ गाव. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं ते अमेरिकेतली गुलामी नाहीशी करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. ज्यांच्या मुक्तीची वार्ता जोतीरावांना आपली वाटली, त्यांच्या मुला-नातवंडांनी पुढच्या ऐंशी वर्षांत काय गायलं, हे आपण ऐकायला नको का?

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी बसलो आहे. कविता शिकवायला घेतली की ते पहिल्यांदा फळ्यावर कवीचं नाव लिहायला लावायचे. नाव माहीत नसेल तर 'अज्ञात' असं लिहायचं, जागा मोकळी सोडायची नाही. आजचं माझं सगळं बोलणं त्या एका सवयीतून आलेलं आहे.

रॉक अँड रोल म्हटलं की आपल्यासमोर एल्विस प्रेस्ली उभा राहतो. ५ जुलै १९५४च्या रात्री मेम्फिसमधल्या सन स्टुडिओत त्यानं 'दॅट्स ऑल राइट' म्हटलं आणि नव्या संगीताचा जन्म झाला, असं पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं. पण ते गाणं त्याआधी आठ वर्षं, १९४६ साली, आर्थर क्रडप नावाच्या मिसिसिपीतल्या शेतमजुरानं शिकागोत ध्वनिमुद्रित केलेलं होतं. जन्माची तारीख लिहिताना आईचं नाव गाळायचं, असा हा प्रकार झाला. तेव्हा आपण थोडं मागं जाऊ.

१० ऑगस्ट १९२०. न्यूयॉर्कमध्ये ओके नावाच्या कंपनीसाठी मेमी स्मिथ ही कृष्णवर्णीय गायिका 'क्रेझी ब्लूज' गायली. कृष्णवर्णीय बाईच्या आवाजात ब्लूज, म्हणजे तिच्या लोकांचं गाणं, तबकडीवर आल्याचा हा पहिला प्रसंग. गाणं पेरी ब्रॅडफर्डचं. आमच्या लोकांचं गाणं आमच्याच माणसाच्या तोंडून घ्या, ते विकत घेणारे आहेत, असं सांगत तो कंपन्यांचे उंबरे झिजवत होता. कंपन्यांना वाटायचं, ही गरीब माणसं, ही कुठली रेकॉर्ड घेणार? पहिल्याच महिन्यात पाऊण लाख प्रती खपल्या असं सांगतात. रेल्वेच्या डब्यांतून काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर या तबकड्या दक्षिणेत नेऊन गावोगाव विकत.

त्याच महिन्यात, बरोबर नऊ दिवस आधी, १ ऑगस्ट १९२० रोजी आपल्या शेजारी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात मातंग वस्तीत एक मूल जन्मलं. ते पुढं अण्णा भाऊ साठे झाले. ही दोन टोकं मी ओढूनताणून जोडत नाही. तारखा शेजारी ठेवतो एवढंच. ठेवल्या की एक प्रश्न पडतो: त्या वेळी वाटेगावच्या, फलटणच्या, कवलापूरच्या फडात जे गाणारे होते, त्यांचे आवाज आज कुठं आहेत? ग्रामोफोन तर आपल्याकडंही तसा लवकरच आला. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं मुद्रण झालं. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तबकडीवर आले. नाट्यपदं आली, लावण्याही आल्या, नाही असं नाही. पण ढोलकीच्या फडाचा जो राकट, रात्रभर चालणारा आवाज होता, तो आला फार थोडा. का? कारण त्याचा श्रोता उसाच्या फडात राबणारा होता, त्याच्या घरी फोनो नव्हता. अमेरिकेत गिऱ्हाईक सापडलं म्हणून आवाज राहिला. इथं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून आवाज वाऱ्यावर गेला.

आणि तिथं तो कोणी राखला, तेही बघण्यासारखं आहे. ब्लूजच्या सर्वांत मोलाच्या तबकड्या पॅरामाउंट या छापाच्या. या छापाची मालकी विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याकडं होती. ते फोनोची लाकडी कपाटं करायचे. कपाटं खपावीत म्हणून तबकड्या काढल्या, आणि त्या खपाव्यात म्हणून कृष्णवर्णीय गायकांना बोलावलं. मा रेनी ही ब्लूज गायिका १९२३मध्ये त्यांच्यासाठी गायली. मंदी आली, धंदा बुडाला, आणि ज्या धातूच्या साच्यांवर ते आवाज होते ते भंगारात गेले. उरल्या त्या लोकांच्या घरात पडलेल्या तबकड्या. पुढं १९५०-६०च्या सुमारास काही वेड्या तरुणांनी दक्षिणेतल्या वस्त्यांत दारोदार फिरून, 'आजी, माळ्यावर जुन्या रेकॉर्डी आहेत का?' असं विचारत त्या गोळा केल्या. आज आपण मा रेनी ऐकतो ते त्या दारोदार फिरण्यामुळं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी मला तिथंच यायचं आहे.

आता हे गाणं आहे तरी कसं? पालखी फलटणला मुक्कामाला येते तेव्हा तुम्ही दिंडीत उभे राहता. एक जण चरण उचलतो, सगळे टाळकरी ते झेलतात. तमाशात शाहिराची ओळ सुरत्ये झेलतात, तिला आपण झील म्हणतो. ब्लूजचा पाया हाच आहे. मळ्यात ओळीनं काम करणाऱ्यांतला एक हाक देई, बाकीचे उत्तर देत. ब्लूजच्या कडव्यात ओळी तीन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीनं तिला उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळ संपली की गाणारा थांबतो आणि त्याची गिटार झील देते. गाणारा एकटा असला तरी तो एकटा नसतो.

त्यावर पुढं ठेका चढला. चला, माझ्याबरोबर चार मोजा. एक, दोन, तीन, चार. आपली टाळी आपोआप एकवर पडते. आता ती एकवर देऊ नका, दोनवर आणि चारवर द्या. (सभागृहात टाळ्या.) बघा, मान हलायला लागली. रॉक अँड रोल म्हणून जगानं पुढं जे डोक्यावर घेतलं त्याचं इंजिन हे आहे. १९४०च्या दशकात लुई जॉर्डन या सॅक्सोफोनवाल्यानं छोटा ताफा घेऊन हे इंजिन पळवलं. १९४७ साली रॉय ब्राउननं न्यू ऑर्लिन्सच्या एका छोट्याशा स्टुडिओत 'गुड रॉकिंग टुनाइट' मुद्रित केलं. त्याच खोलीत १९४९च्या डिसेंबरात फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' झालं. डाव्या हातानं पियानोवर गाडीच्या चाकासारखा फिरणारा ठेका आणि वर मोकळा, हसरा आवाज. मला विचाराल तर रॉक अँड रोल तिथंच उभा आहे, नाव मिळायचं बाकी आहे.

त्याआधी मिळालं ते दुसरंच नाव. कंपन्या या तबकड्यांना 'रेस रेकॉर्ड' म्हणायच्या. म्हणजे जातीच्या तबकड्या असंच मी भाषांतर करीन. वेगळी यादी, वेगळा दुकानाचा कोपरा. आपल्याकडच्या वेगळ्या पाणवठ्यासारखंच. जून १९४९मध्ये 'बिलबोर्ड' या साप्ताहिकानं आपल्या यादीचं ते नाव बदललं आणि तिथल्या जेरी वेक्सलर या तरुण पत्रकारानं सुचवलेलं 'रिदम अँड ब्लूज' हे नाव छापलं. पाटी बदलली, कोपरा तोच राहिला.

या गाण्याला वीज मिळाली ती स्थलांतरातून. मिसिसिपीच्या एका मळ्यावर १९४१च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स हा संशोधक अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी यंत्र घेऊन आला. ट्रॅक्टर चालवणाऱ्या मॅकिन्ली मॉर्गनफील्ड या मजुराचं गाणं त्यानं घेतलं आणि तिथंच त्याला परत ऐकवलं. आपलाच आवाज यंत्रातून ऐकून या माणसाला पहिल्यांदा कळलं, की आपण गाऊ शकतो. पुढं लोमॅक्सनं त्याला तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलर पाठवले. १९४३ साली तो आगगाडीत बसून शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्यानं विजेवरची घेतली. हाच मडी वॉटर्स. आणि साताऱ्या-सांगलीकडून मुंबईच्या गिरणीत गेलेली आपली माणसं? तीही वळकटीत गाणं बांधूनच गेली. वाटेगावचा पोरगा चालत मुंबईला गेला, गिरणगावात राहिला आणि लाल बावटा कलापथकातून त्यानं तमाशाचं लोकनाट्य केलं. लालबागच्या हनुमान थिएटरात गावाकडचे फड उतरायचे. शेतातलं गाणं कारखान्याजवळ गेलं की त्याचा आवाज वाढतो, धार वाढते. हे शिकागोत झालं तसं परळ-लालबागमध्येही झालं. फरक एवढाच, की शिकागोत दाराशी रेकॉर्ड कंपनी उभी होती.

आता एक प्रसंग जवळून सांगतो. मार्च १९५१. मिसिसिपीतून पाच-सात पोरं एका गाडीत दाटीवाटीनं बसून मेम्फिसला निघाली आहेत. आइक टर्नर हा त्यांचा म्होरक्या, वय एकोणीस. वाटेत गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर खाली पडला. सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत जोडून बघितला तर त्याच्या कर्ण्याचा कागदी पडदा फाटलेला. दुसरा आणायला वेळ नाही. फिलिप्सनं कागदाचे बोळे केले आणि त्या फाटलेल्या पडद्यामागं कोंबले. त्यातून जो खरखरीत, भुंग्यासारखा घुमणारा आवाज निघाला, तसाच तो ठेवला. गाणं 'रॉकेट ८८'. पुष्कळ जाणकार याला पहिली रॉक अँड रोल तबकडी म्हणतात. पुढं जगभर गिटारवाल्यांनी तो फाटका आवाज काढायला पैसे मोजून यंत्रं घेतली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावची यात्रा आठवली. कुस्त्यांच्या फडाच्या कडेला मातंग वस्तीतला हलगीवाला बसलेला असे. थंडीनं कातडं ढिलं पडलेलं. तो समोर उसाचं पाचट पेटवायचा, हलगी त्यावर धरून हळूहळू फिरवायचा, बोटानं टिचकी मारून कान द्यायचा. पुन्हा धरायचा. कातडं किती तापलं म्हणजे बोलेल आणि किती तापलं म्हणजे फाटेल, हे त्याच्या बोटाला कळायचं. मग उठून पहिली थाप द्यायचा आणि पैलवानाच्या मांडीवर शहारे यायचे. एकाकडं कागदाचा बोळा, दुसऱ्याकडं पाचट. जवळ असेल त्यातून नाद काढायचा, ही गरिबाची विद्या आहे आणि ती मी कुठल्याही घराण्याच्या विद्येपेक्षा कमी मानत नाही. लाज एकाच गोष्टीची वाटते. वर्षानुवर्षं मी त्या माणसाची हलगी ऐकली, आणि त्याचं नाव मला सांगता येत नाही.

'रॉकेट ८८'च्या तबकडीवर कोणाचं नाव छापलं? 'जॅकी ब्रेन्स्टन आणि त्याचे डेल्टा कॅट्स'. या नावाचा ताफाच नव्हता! ब्रेन्स्टन गायला होता, पण ताफा टर्नरचा, किंग्ज ऑफ रिदम. ऑगस्ट १९५२मध्ये बिग मामा थॉर्नटन 'हाउंड डॉग' गायली. ती तबकडी पुढच्या वर्षी सात आठवडे रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिली होती. आपल्याला एकदाच पाचशे डॉलरचा चेक मिळाला, असं ती सांगायची. १९५६ साली एल्विसनं तेच गाणं म्हटलं आणि ते लाखांनी खपलं. आर्थर क्रडपला त्याच्या गाण्याचे हक्काचे पैसे मिळाले नाहीत. तो मजुरी करत राहिला आणि १९७४ साली गेला.

इथं एल्विसला चोर ठरवून मोकळं होणं मला मान्य नाही. त्यानं ते गाणं जीव ओतून म्हटलं, आणि १९५६ मध्ये एका मुलाखतीत क्रडपचं नाव घेऊन आपण त्याला ऐकत होतो हे सांगितलं. लबाडी होती ती कंपन्यांच्या वह्यांत, कागदावर घेतलेल्या अंगठ्यांत आणि वेगळ्या कोपऱ्यात. गाणं एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातं, जायलाच हवं. नाव आणि पैसा मागं राहतो, तिथं अन्याय सुरू होतो.

आता दोन बायकांबद्दल. दोघी १९१५ साली जन्मल्या. सिस्टर रोझेटा थार्प मार्च महिन्यात, अमेरिकेतल्या कॉटन प्लांट नावाच्या गावी. यमुनाबाई वाईकर ३१ डिसेंबरला, आपल्या सातारा जिल्ह्यात. रोझेटा आईबरोबर चर्चमध्ये गायची. पुढं तिनं विजेची गिटार गळ्यात अडकवली, देवाचं गाणं नाचाच्या ठेक्यावर आणलं. १९४४ साली मुद्रित केलेली तिची एक तबकडी पुढच्या वर्षी 'रेस' यादीत पहिल्या दहांत गेली. भक्तिगीत तिथं पहिल्यांदाच पोचलं होतं. धार्मिक मंडळी रागावली. आपल्याला यात नवल वाटू नये. आपला तमाशा गणानं सुरू होतो, मग गौळण येते आणि मागोमाग शृंगाराची लावणी. यमुनाबाई कोल्हाटी समाजातल्या. लहानपणी रस्त्यावर नाचून-गाऊन पोट भरलं. मग बैठकीच्या लावणीत त्यांनी अशी अदा आणली, की नुसत्या बसल्या जागी हात आणि डोळे एकाच ओळीचे दहा अर्थ सांगत. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला १९९५ साली, पद्मश्री २०१२ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी. १५ मे २०१८ रोजी वाईला त्या गेल्या. रोझेटा १९७३ मध्ये गेली. कित्येक वर्षं तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. रॉक अँड रोलच्या मानकऱ्यांत तिचं नाव लागलं तेही २०१८मध्येच. मान मिळाला याचा आनंद आहेच. पण ऐन उमेदीतल्या यमुनाबाई ऐकायच्या म्हटलं तर आपल्याकडं काय आहे? रोझेटाच्या तिशीतला आवाज मात्र मी आत्ता तुम्हाला ऐकवू शकतो.

हे संगीत आपल्याकडं आलं ते गोव्याच्या वाटेनं. १९३५च्या अखेरीस लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून टेडी वेदरफर्डसारखे वादक आले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली पोरं त्यांच्या शेजारी बसून जॅझ शिकली. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, त्यांतलाच. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी या वादकांना हाताशी घेतलं. १९५१च्या भगवानदादांच्या 'अलबेला'त चिक आणि त्याचा ताफा पडद्यावरही दिसतो. १९५७ साली 'आशा' चित्रपटात 'ईना मीना डीका' आलं. त्यातली 'माका नाका' ही कोंकणी अक्षरं सी. रामचंद्रांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी घातली असं सांगतात. मेम्फिसचा ठेका कोंकणी बोलत हिंदीत आला. ते गाणं किशोरकुमारांनी म्हटलं आणि आशा भोसले यांनीही. आशाताईंचा जन्म सांगलीचा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५९ साली, अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'त त्यांनी बुगडीची लावणी म्हटली. शब्द गदिमांचे, म्हणजे शेटफळ्याचे, संगीत वसंत पवारांचं. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकून बघा. आवाजाची ती उडी, शब्दाच्या आधी घेतलेला तो खोडकर श्वास, दोन्हीकडं एकच आहे. लावणी आणि रॉक अँड रोल यांच्यात किती अंतर आहे, हे मी तासभर सांगण्यापेक्षा तो एक गळा सहा मिनिटांत सांगतो.

या हातातल्या तबकडीकडं परत येतो. ही त्या काळच्या एका चित्रपटातल्या लावणीची आहे. लेबलवर चित्रपटाचं नाव आहे, गायिकेचं आहे, संगीतकाराचं आहे. एवढंही सहज मिळालेलं नाही. १९४९च्या 'महल'मधलं लतादीदींचं गाणं पहिल्यांदा निघालं, तेव्हा तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' हे चित्रपटातल्या पात्राचं नाव छापलं होतं. आणि माझ्या या तबकडीवर ढोलकी कोणी वाजवली ते आजही लिहिलेलं नाही. लावणी आणि ढोलकीवाल्याला नाव नाही! सर असते तर म्हणाले असते, जागा मोकळी सोडू नका.

म्हणून एक मागणी करतो आणि थांबतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्या तालुक्यात टेपरेकॉर्डर आले. यात्रेतला तमाशा, गोंधळ्यांचं जागरण, भेदिकाची सवाल-जबाबाची रात्र पुष्कळांनी कॅसेटवर भरून घेतली. त्या कॅसेटी आज कपाटाच्या तळाशी आहेत, फितीला बुरशी चढते आहे. या दिवाळीची साफसफाई करताना त्या टाकू नका. बाहेर काढा, इथल्या ग्रंथालयात आणून द्या. आणि आणताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून एका कागदावर लिहून घ्या: गाव कुठलं, यात्रा कुठली, साल कोणतं, गायलं कोणी, ढोलकीवर कोण होतं, हलगीवर कोण होतं, झील कोणी धरली. मी पुढचे आठ दिवस फलटणमध्येच आहे. ज्यांना आणता येणार नाही त्यांनी निरोप द्यावा, मी घरी येईन.